कोळशाची कुंडली

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

कोळसा उगाळावा तितका काळाच, असं आपण म्हणतो. माणसांच्या बाबतीत ही म्हण खरी असेलही, कोळशाच्या बाबतीत मात्र ती अर्धीच खरी आहे. ज्याचं पोट भट्टीवर चालतं त्याला विचारा. आज आलेली गाडी काळी, काल आलेलीही काळीच. पण एकीनं भट्टी धगधगते आणि दुसरीनं नुसता धूर आणि राखेचे ढीग. वरून दोन्ही सारख्या. आत काय आहे, हे कळायचं कसं? माझी उभी नोकरी ओतकामाच्या कारखान्यांतल्या प्रयोगशाळांत गेली, आणि हा एकच प्रश्न मला रोज सकाळी दारात भेटत असे. आज त्या प्रश्नाचा थोडा इतिहास सांगणार आहे. तो आपल्या सातारा-सांगलीतून सुरू होतो, जवळच्याच एका संस्थानी गावातून सूर्यापर्यंत जातो आणि पुन्हा कोळशाच्या ढिगाऱ्याशी येऊन थांबतो.

पहिली गोष्ट ही, की आपल्या या भागात कोळशाची खाण नाही आणि सापडण्याची आशाही धरू नये. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले, त्यांतून सह्याद्री घडला. दगडी कोळसा त्याच्या कितीतरी आधीचा, पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतल्या झाडांचा. महाराष्ट्रात तो आहे विदर्भात, चंद्रपूर, वणी, उमरेड, कामठी या पट्ट्यात. सांगलीहून चंद्रपूर सरळ रेषेत मोजलं तरी सहाशे किलोमीटर भरतं. आणि ओतकामाला जो कोक लागतो त्याचा कोळसा तर त्याहून लांबचा, झरियाचा. थोडक्यात, आपल्याकडे जळलेला दगडी कोळशाचा प्रत्येक तुकडा पाहुणा म्हणून आलेला आहे.

हा पाहुणा आला रेल्वेबरोबर. सदर्न मराठा रेल्वेची पुणे-मिरज मीटरगेज लाईन १८८०च्या दशकात झाली, मिरज-कोल्हापूर फाटा १८९१ साली. पुढच्या तीस वर्षांत या रुळांच्या कडेला काय काय उभं राहिलं ते पाहा. १९१० साली औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगर आणि चरक तिथून गावोगाव गेले. १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा काच कारखाना निघाला. त्यांचा प्रभाकर कंदील ज्या घरात नव्हता असं घर माझ्या लहानपणी शोधून सापडलं नसतं. १९२२ साली साताऱ्याच्या धनजीशा कूपर यांनी इंजिनिअरिंगचा कारखाना काढला. (हेच कूपर पुढे १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते, हे आता फार जणांना आठवत नाही.) एकीकडे नांगराचा फाळ, दुसरीकडे कंदिलाची काच, धंदे निराळे, पण भट्टी सगळ्यांच्या घरी, आणि भट्टीला लागणारं खाद्य सगळ्यांचंच परक्या मुलखातलं. पहिल्या महायुद्धात बाहेरचा माल अडला तेव्हा किर्लोस्करवाडीत लोखंड आणि कोळसा दोन्हींची ओढाताण झाली, ती याच परावलंबनामुळे.

खाण शेजारी असती तर माणूस स्वतः जाऊन थर पाहून आला असता. इथं ती सोय नव्हती. खाणीवर एकानं भरला, दुसऱ्यानं वाघिणीत चढवला, ब्रॉडगेज संपून मीटरगेज लागलं की तिसऱ्यानं उतरवून पुन्हा भरला. १९७१ साली पुणे-मिरज मार्ग ब्रॉडगेज होईपर्यंत हे चालूच होतं. इतक्या हातांतून आलेल्या मालाचा भाव द्यायचा तो कशाच्या भरवशावर? पाठवणाऱ्याच्या शब्दाच्या. आणि भारतातल्या कोळशाची एक जन्मजात खोड आहे: त्यात माती फार. जळून गेल्यावर शंभर किलोतली पस्तीस-चाळीस किलो राखच उरते, असा कोळसा आपल्याकडे सर्रास असतो. म्हणजे शंभर वाघिणी आल्या तर त्यांतल्या चाळीस वाघिणी माती वाहून आणतात आणि रेल्वेचं भाडं मात्र शंभरांचं.

जुने मिस्त्री कोळसा हातात तोलून पाहत. हलका आणि चकचकीत असेल तर बरा, जड आणि मंद दिसला तर मातीचा. फोडून पाहत, कोकचे दोन तुकडे एकमेकांवर आपटून आवाज ऐकत. खणखणीत वाजला तर पक्का. धुराचा रंग आणि वास यांवरूनही अंदाज बांधत. यातलं काहीच खोटं नाही. सोनार कसोटीवर रेघ ओढून सोनं ओळखतो, तसलाच हा कस. पण कसोटीवरची रेघ दुसऱ्यालाही दाखवता येते. मिस्त्रीच्या हाताला जे कळलं ते व्यापाऱ्याशी वाद घालताना पुरावा म्हणून पुढे ठेवता येत नाही.

त्यासाठी प्रयोगशाळा. कोळशाचा नमुना दळून इतका बारीक करायचा की तो २१२ मायक्रॉनच्या चाळणीतून जावा. त्यातला एक ग्रॅम घ्यायचा. १०८ अंशांच्या आसपास तापवून किती पाणी उडालं ते मोजायचं. दुसरा ग्रॅम झाकणाच्या मुशीत ९०० अंशांवर बरोबर सात मिनिटं ठेवून वायुरूप होऊन जाणारा भाग मोजायचा. तिसरा ८१५ अंशांवर पूर्ण जाळून राख तोलायची. शंभरातून हे तिन्ही वजा केले की उरला तो स्थिर कार्बन. गंधक हवा असेल तर आणखी सव्यापसव्य: मॅग्नेशिया आणि सोड्याच्या मिश्रणात कोळसा भाजायचा, विरघळवायचा, त्यात बेरियम क्लोराईड घालून पांढरा साका बसवायचा, गाळायचा, जाळायचा, तोलायचा. एश्का नावाच्या रसायनज्ञाची ही रीत. घाई केली की चुकते. दोन दिवस जातातच.

या दोन दिवसांत काय होतं, ते सांगतो. १९८०च्या दशकातली गोष्ट. ज्या फाउंड्रीत मी होतो तिथं पंपांची खोकी ओतत असू. एक दिवस मशीनशॉपमधून तक्रार आली की खोक्यांच्या कडा पांढऱ्या आणि कमालीच्या कठीण आहेत, ड्रिल मोडतायत. लोखंड तपासलं, त्यात गंधक जास्त. बिडात थोडा गंधक असतोच, मँगनीज त्याला सांभाळून घेतं. पण तो हाताबाहेर गेला की बीड पांढरं आणि ठिसूळ होतं. आता हा गंधक आला कुठून? दोनच वाटा: भंगारातून किंवा कोकमधून. भट्टीत माल टाकण्याचं काम आमच्या मिस्त्रींचं. चांगलं भंगार बाजूला ठेवून त्यांनी गंजकं, जळकं भंगार टाकलं असेल आणि चांगलं परस्पर बाहेर गेलं असेल, अशी कुजबुज सुरू झाली. मालक म्हणाले, कोकचा रिपोर्ट द्या. मी ढिगावरून नमुना उचलला, दोन दिवस खपलो आणि रिपोर्ट दिला: कोकमधला गंधक मर्यादेत आहे. माझ्या त्या एका कागदावर मिस्त्रींची आठ दिवसांची मजुरी कापली गेली. मजुरीचं एक वेळ सोडा. पंचवीस वर्षं भट्टीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला चोर ठरवलं गेलं, ते त्यांच्या जिव्हारी लागलं. या गोष्टीचा उरलेला भाग शेवटी सांगेन.

तापवून, जाळून, तोलून माल ओळखण्याची ही रीत जुनी. तिच्याहून अगदी वेगळी वाट एकोणिसाव्या शतकात निघाली होती: पदार्थाला हात न लावता त्याच्या उजेडावरून त्याला ओळखायचं. हे आपण रोज स्वयंपाकघरात पाहतो. मीठ घातलेल्या भाताचं पाणी उतू गेलं की गॅसची निळी ज्योत एकदम पिवळी होते. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. दिवाळीच्या दारूकामात लाल रंग स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा. जर्मनीत हायडेलबर्गला बुन्सेन आणि किरखॉफ या दोघांनी १८५९-६०च्या सुमाराला या रंगांना शिस्त लावली. ज्योतीचा उजेड लोलकातून नेला तर प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक जागीच रेघा उमटवतं. आपल्या बोटांच्या ठशांसारखंच ते. एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत. या रीतीनं त्यांनी दोन-एक वर्षांत सीझियम आणि रुबिडियम ही दोन नवी मूलद्रव्यंच शोधून काढली.

आणि इथं आपला मुलूख गोष्टीत येतो. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झालं. सावलीचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून शिरून विजापूरवरून पूर्व किनाऱ्याला मछलीपट्टणमकडे गेला. लोलकाची नवी विद्या हाती आल्यानंतरचं भारतातलं हे पहिलं मोठं ग्रहण, त्यामुळे जगाचं लक्ष इकडे लागलेलं. गुंटूरला फ्रान्सचे जान्सेन आणि इंग्रजांची आणखी एक तुकडी, मछलीपट्टणमला मद्रास वेधशाळेचे पॉगसन, विजापूरला कॅप्टन हेग. आणि लंडनच्या रॉयल सोसायटीनं पाठवलेली दुर्बीण आणि वर्णपटदर्शक घेऊन लेफ्टनंट जॉन हर्शेल कुठं बसले होते? जमखंडीला. मिरजेहून शंभरेक किलोमीटरवरचं पटवर्धनांचं जमखंडी संस्थान. सांगली-मिरजेच्या पटवर्धनांचीच ती एक पाती. गाव आता कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात आहे. हर्शेल हे युरेनस ग्रह शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे नातू. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात नोकरीला.

ऑगस्ट महिना, म्हणजे आपल्याकडे पावसाळी आभाळ. ग्रहणाची ऐन मिनिटं जेमतेम पाच, आणि ढग येताहेत-जाताहेत. माझ्या डोळ्यांपुढे तो माणूस उभा राहतो: एक डोळा नळीला लावलेला, वर ढग, हातात यंत्राचा स्क्रू. एका फटीतून सूर्याच्या कडेला उसळलेली ज्वाळा त्यांच्या नळीत आली आणि तीन झळझळीत रेघा दिसल्या: लाल, नारिंगी, निळी. रेघा दिसल्या म्हणजे त्या ज्वाळा तप्त वायूच्या होत्या, हा वाद तिथंच मिटला. त्यांनी नारिंगी रेघेची जागा मोजली आणि लिहून ठेवलं की यंत्राला जितकं सांगता येतं तितक्यापुरती ही सोडियमचीच रेघ आहे. पुढच्या रेघा नीट मोजण्याइतका वेळ ढगांनी दिला नाही. त्यांचा वृत्तांत रॉयल सोसायटीच्या कार्यवाहीत छापून आला. मथळ्यात मुंबई इलाख्यातल्या जमखंडीचं नाव आहे.

ती रेघ सोडियमची नव्हती. सोडियमच्या दोन रेघा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर पडतात. जमखंडीत दिसलेली रेघ ५८७.६ वरची. अंतर दीड नॅनोमीटर. ती होती हेलियमची, आणि हेलियम तेव्हा पृथ्वीवर कुणाला ठाऊकच नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरात लंडनला नॉर्मन लॉकियर यांनी ग्रहणाशिवाय ती रेघ पाहिली, ती सोडियमच्या जागेपासून किंचित सरकलेली आहे हे ताडलं आणि हे नवंच मूलद्रव्य असल्याचं मत मांडलं. पृथ्वीवरच्या खनिजात ते सापडायला १८९५ साल उजाडलं. रॅमसे यांनी ते शोधलं. हर्शेल यांना मी दोष देत नाही. ‘यंत्राला जितकं सांगता येतं तितक्यापुरती’ ही पुस्ती त्यांनी जोडली, एवढ्यासाठीच माझ्या मनात त्यांच्याबद्दल फार आदर आहे. माझ्या त्या कोकच्या रिपोर्टवर अशी पुस्ती नव्हती.

जाता जाता एक गैरसमज दूर करतो. लॉकियर यांनी विजयदुर्गच्या किल्ल्यावरून १८६८चं ग्रहण पाहून हेलियम शोधला, असं आपल्याकडे दर ऑगस्टमध्ये छापून येतं. लॉकियर १८६८ साली भारतात नव्हतेच. ते विजयदुर्गला आले ३० वर्षांनी, २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणाला. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ त्या मुक्कामातले मानणंच सयुक्तिक. त्या दिवशीची सावली विजयदुर्गवरून सह्याद्री ओलांडून कऱ्हाडच्या मुलखावरून सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरकडे गेली. जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी नेगमवाला आपली उपकरणं मांडून बसले होते. ढगांचा प्रश्न नव्हता. जानेवारीचं आपलं आभाळ कसं असतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. इथं हेलियमचा जन्म झाला असं म्हणून अंगावर मूठभर मांस चढवण्यापेक्षा, त्याची पहिली पुसट पावलं जमखंडी, विजापूर, गुंटूर अशी एकाच सकाळी उमटली, हे खरं आणि पुरेसं आहे.

सूर्य नऊ कोटी मैलांवर. त्याच्या पोटात काय आहे हे जमखंडीच्या माळावर बसून कळू लागलं. मग हाताजवळच्या कोळशाच्या पोटात काय आहे हे कळायला काय हरकत? हरकत अशी की सूर्य स्वतः पेटलेला आहे. कोळसा पेटला तरी त्यातली वाळू, माती, लोखंड असल्या जिनसा चुलीच्या आचेला आपापले रंग दाखवत नाहीत. त्यांना त्याहून फार मोठी धग लागते. फाउंड्रीत ती आम्ही विजेच्या ठिणगीनं देत असू. ओतलेल्या बिडाचा रुपयाएवढा ‘चिल’ घ्यायचा, घासून स्वच्छ करायचा, यंत्रावर ठेवायचा. ठिणगी कडकडते आणि मिनिटभरात कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक, सगळे आकडे कागदावर. याला आमची पोरं नुसतं ‘स्पेक्ट्रो’ म्हणतात. पण ठिणगी पडायला वीज वाहून नेणारा धातू हवा. कोळसा, माती, दगड यांवर ती चालत नाही. म्हणून वर्षानुवर्षं असा प्रकार होता की लोखंडाची कुंडली मिनिटात मिळे आणि ज्या कोकवर ते लोखंड वितळलं त्याच्या कुंडलीला दोन दिवस.

ही अडचण लेसरनं सोडवली. १९६० साली अमेरिकेत मेमन यांनी पहिला लेसर चालवला. दोनच वर्षांत ब्रेक आणि क्रॉस या दोघांनी लेसरचा झोत पदार्थावर मारून उठलेल्या वाफेचा वर्णपट घेऊन पाहिला. पुढे १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत रॅडझिएम्स्की आणि क्रेमर्स यांनी ती रीत पक्की केली आणि तिला लेसर-इंड्यूस्ड ब्रेकडाऊन स्पेक्ट्रोस्कोपी, थोडक्यात ‘लिब्स’, हे नाव रूढ झालं. काम असं चालतं. लेसरचा एक स्पंद काही नॅनोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या अब्जांश भागांचा. ऊर्जा इतकी थोडी की चमचाभर पाणी कोमटसुद्धा होणार नाही. पण तीच ऊर्जा इतक्या कमी वेळात आणि मिलिमीटरहून लहान ठिपक्यावर कोंबली, की त्या क्षणापुरता जोर काही मेगावॅटचा होतो, एखाद्या लहानशा जलविद्युत संचाइतका. त्या ठिपक्यावरचा कोळसा वितळण्याची वाटसुद्धा पाहत नाही. थेट वायू होतो आणि वायूचे अणू फुटून दहा हजार अंशांपलीकडचा प्लाझ्मा होतो. सूर्याच्या पृष्ठभागाहून तापलेला. कानाला नुसतं ‘टच्’ असं ऐकू येतं.

पहिला क्षण निव्वळ पांढऱ्या झगमगाटाचा असतो, त्यातून काही कळत नाही. म्हणून यंत्र मायक्रोसेकंदभर थांबतं आणि प्लाझ्मा निवू लागला की मग उजेड टिपतं. त्या उजेडात कार्बनची रेघ २४७.९ नॅनोमीटरवर दिसते, सिलिकॉनची २८८ वर, कॅल्शियम आणि ॲल्युमिनियमच्या ३९३ ते ३९६च्या दरम्यान, लोखंडाच्या तर ढिगानं. सिलिकॉन, ॲल्युमिनियम, लोखंड, कॅल्शियम म्हणजेच माती, म्हणजेच उद्याची राख. आणि लाल भागात ६५६.३ वर हायड्रोजनची रेघ असते. हर्शेल यांना जमखंडीत सूर्याच्या ज्वाळेत दिसलेली लाल रेघ ती हीच. तिकडे ती सूर्याच्या हायड्रोजनची होती; इकडे कोळशातल्या ओलाव्याचा आणि जळाऊ वायूंचा अंदाज देते.

ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया प्रांतातल्या लिग्नाईटवर ही रीत वापरून पाहिल्याचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. कोळशावर ज्याचं सारं चालतं त्या चीनमध्ये तर या विषयावर पुढे पुष्कळच काम झालं. फायदा उघड आहे: दळण नाही, मूस नाही, सात मिनिटांचं घड्याळ नाही, पट्ट्यावरून कोळसा सरकत असतानाच त्याची तपासणी. न्यूट्रॉनचा मारा करून सरकत्या कोळशाचं पृथक्करण करणारी यंत्रं आधीपासून आहेत, पण त्यांना किरणोत्सारी पदार्थ बाळगावा लागतो, आणि त्याचे परवाने व पहारा आलाच.

आता दुसरी बाजू. राख हे काही मूलद्रव्य नव्हे, तिची रेघ नसते. सिलिकॉन-ॲल्युमिनियमच्या रेघांवरून हिशेबानं ती काढावी लागते, आणि तो हिशेब बसवायला आधी शंभरेक नमुन्यांची राख जुन्या पद्धतीनं, तीच एक ग्रॅमची मूस भट्टीत घालून, मोजलेली असावी लागते. चंद्रपूरच्या कोळशावर बसवलेलं गणित झरियाच्या कोळशाला जसंच्या तसं लागू पडत नाही. दुसरं म्हणजे गंधक, ज्यानं आम्हाला रडवलं तोच. त्याच्या ठळक रेघा अतिनील टोकाला अशा जागी पडतात की मधली हवाच त्या गिळून टाकते. आमच्या स्पेक्ट्रोत म्हणूनच ऑर्गन वायू सोडावा लागे. लिब्समध्ये कोळशातला गंधक पाहायला काही ठिकाणी हेलियम सोडतात. गंमत पाहा, जमखंडीत जो ओळखला गेला नाही तो आता दुसऱ्याला ओळखायच्या कामी येतो.

हवेचा अडसर नाही अशा जागीही हे यंत्र गेलं. २०१२ साली मंगळावर उतरलेल्या ‘क्युरिऑसिटी’ गाडीनं सात मीटरपर्यंतच्या दगडांवर लेसर मारून त्यांची घडण सांगितली. २३ ऑगस्ट २०२३ रोजी आपलं चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडच्या भागात उतरलं. त्यातल्या ‘प्रज्ञान’ गाडीवर बंगळूरच्या इस्रोच्या प्रयोगशाळेनं बनवलेलं लिब्सच होतं, आणि त्यानं तिथल्या मातीत गंधक असल्याचं कळवलं. टीव्हीवर ती बातमी पाहताना मला आमचा कोकचा ढीग आठवला. चंद्रावरचा गंधक पाच-सहा दिवसांत कळला.

आपल्याकडे कोळशाच्या प्रतीवरून खाण कंपन्या आणि वीज कंपन्या यांच्यात भांडणं जुनी आहेत. पूर्वी प्रत एका सूत्रावर ठरे: ८९०० मधून, राख आणि ओलावा यांच्या टक्क्यांची बेरीज गुणिले १३८ वजा करायचे. म्हणजे राख एक टक्का जास्त दाखवली की किलोमागे १३८ किलोकॅलरी गेल्या. जानेवारी २०१२ पासून प्रत्यक्ष उष्मांकावर १७ प्रती ठरल्या. तिसऱ्या, तटस्थ संस्थेकडून नमुना तपासण्याची पद्धतही आली. तरी तंटे पूर्ण मिटले नाहीत, आणि त्याचं कारण यंत्रात नाही. कोळशाची एक मालगाडी साडेतीन-चार हजार टनांची. प्रयोगशाळेच्या मुशीत जातो एक ग्रॅम. लेसरचा ठिपका तर मिलिमीटरहूनही लहान. हजार वेळा मारला तरी तो समोर आलेलंच पाहणार. समोर काय आणून ठेवायचं हे ज्याच्या हाती, त्याच्या हाती रिपोर्ट.

ते मला शिकवलं आमच्या मिस्त्रींनी. मजुरी कापल्यावर चार-पाच दिवसांनी ते प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहिले. आत या म्हटलं तर आले नाहीत. एवढंच विचारलं, “सायब, दगूड कुठनं उचलला हुता?” मी म्हटलं, ढिगावरून. “वरनं का बुडातनं?” मी गप्प झालो. नवी गाडी आली ती जुन्या ढिगाच्या पुढच्या अंगाला उतरवली होती आणि भट्टीला माल त्या अंगानं जात होता. माझा नमुना मागच्या, जुन्या मालातला. त्या दुपारी आम्ही दोघांनी मिळून पुढच्या ढिगात आठ ठिकाणी उकरलं, टोपल्या भरल्या, फोडून, मिसळून, चार भाग करत करत नमुना खाली आणला. पुन्हा दोन दिवस. पांढरा साका या वेळी इतका जाड बसला की तोलायच्या आधीच उत्तर कळलं.

दुसरा रिपोर्ट मी स्वतः मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि पहिल्यावर लाल शाईनं ‘रद्द’ लिहिलं. कापलेली मजुरी पुढच्या पगारात परत आली. मिस्त्रींनी सही केली, पैसे मोजले आणि काही न बोलता भट्टीकडे गेले. तो कोक मात्र टाकून देण्याची आमची ऐपत नव्हती. जुन्यात थोडा थोडा मिसळून, मँगनीज वाढवून आम्ही तो महिनाभर पुरवला. कुठल्या टोपलीत कुठला किती, हे रोज सकाळी मिस्त्रीच सांगत.